मापाचा श्वास

फोन थरथरला तेव्हा सुकुमारदादा पांडबा चौगुल्यांच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, यंत्र टेकवून बसले होते. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला आतून जाड गोधडी ठोकलेली. मार्च संपत आला होता आणि आम्ही तिघंही घामानं निथळत होतो. टेबलाच्या लाकडावर फोन घरघरला, तसं दादांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी तो उचलून मांडीखाली दाबला.

"गेलं हे," ते म्हणाले. "पुन्हा घेऊ. पांडबा, नळी तोंडात धरायची. हिरवा दिवा लागेपर्यंत श्वास आत घ्यायचा. दिवा लागला की सोडायचा. घाई करायची नाही."

हीच वाक्यं, ह्याच क्रमानं, ते प्रत्येकाला सांगत. तसा नियमच होता.

"दिवा लई लांब हाय, मालक," पांडबा नळी बाजूला करून म्हणाले.

"मालक म्हणू नका हो."

"मग काय म्हनू? धाकटं मालकच की तुमी."

दादांनी पांडबांच्या पाठीवरचा घाम टॉवेलनं टिपला, यंत्र पुन्हा टेकवलं आणि डोळे मिटून कानातल्या हेडफोनकडे लक्ष लावलं. पांडबांनी जीव एकवटून श्वास ओढला. दिवा लागला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच छातीविकाराची डॉक्टर झाले होते आणि कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात संशोधनाच्या कामावर होते. काम सांगायला सोपं होतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो आणि छातीत काय ऐकू येतं ते सांगतो. पण एकाच माणसाच्या छातीला एक डॉक्टर ‘घरघर’ म्हणतो, दुसरा ‘खरखर’ म्हणतो आणि तिसरा म्हणतो, काही नाही, जा घरी. मग ह्या आवाजांवर भरवसा ठेवायचा कसा? म्हणून पाच शहरांतली पाच केंद्रं एकाच पद्धतीनं श्वासाचे आवाज टिपणार होती. एकच यंत्र, छातीवरच्या त्याच जागा, तीच शांतता, तेवढाच खोल श्वास, आणि प्रत्येक आवाजाला एकच ठरलेलं नाव. हे जमलं, तर पुढे कारखान्याच्या दारातच कामगाराची छाती ऐकून दुखणं लवकर धरता येईल, अशी आशा होती. आमच्या वाट्याला फाउंड्रीचे कामगार आले होते. वाळूच्या साच्यात लोखंड ओतायचं, मग साचा फोडून वाळू झाडायची, हे ज्यांचं आयुष्यभराचं काम, ते लोक.

सुकुमार मगदूम आमचे ध्वनिमुद्रण करणारे. वय चाळिशीच्या थोडं पुढे, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांची लहानशी फाउंड्री होती. मंदीत ती बंद पडली आणि काही वर्षं इकडंतिकडं केल्यावर दादा आमच्याकडे आले. आमच्याकडे तपासायला येणाऱ्यांत अधूनमधून त्यांच्या शेडवरचे जुने कामगारही असत. पांडबा त्यांपैकीच.

मघाचा फोन पुण्याचा होता. पांडबांना रिक्षात बसवून दिल्यावर मी तो उलट लावला. पाचही केंद्रांच्या मुद्रणांची तपासणी पुण्यात होई आणि ते काम केतकी दामले नावाची मुलगी बघे.

"मॅडम, तुमच्याकडची रोजची चाचणी घसरतेय," ती म्हणाली. "जानेवारीपासून आवाज हळूहळू कमी होत चाललाय. आता तो मर्यादेच्या खाली गेला."

रोजची चाचणी म्हणजे आणखी एक नियम. रोज सकाळी कामाला लागण्याआधी, मुद्रण करणाऱ्यानं स्वतःच्या छातीवर ठरलेल्या जागी यंत्र लावायचं आणि सहा श्वास टिपायचे. माणूस तोच, जागा तीच. मग आवाजात फरक पडला तर तो यंत्राचा. सुकुमारदादा म्हणजे आमचं वजनमाप होतं म्हणा ना.

"म्हणजे यंत्र बिघडलंय?"

"काहीतरी बिघडलंय. सापडलं नाही तर जानेवारीनंतरची तुमची सगळी मुद्रणं बाद धरावी लागतील."

मी खुर्चीत बसले. जानेवारीनंतरच आम्ही झाडणीवरच्या लोकांना बोलवायला सुरुवात केली होती. सगळ्यात जास्त धूळ खाल्लेली माणसं. त्यांना तयार करायला महिने गेले होते. तपासणीत काही निघालं तर काम जाईल म्हणून ती यायलाच घाबरत.

आमचे प्रमुख डॉ. हुल्याळकर. तापट, पण कामाला वाघ. त्यांनी त्या दिवशी दुपारी यंत्र स्वतः उघडलं. पडदा बदलला, वायर बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीत आवाज तेवढाच कमी. मग पुण्याहून कुरियरनं कोरं करकरीत यंत्र आलं. त्यावरही तेच.

"नवीन यंत्रावर पण?" सर ओरडले. "मग यंत्र नव्हे हे. सुकुमार, तुझा हात हलका पडतोय. दाबून धरत नाहीस तू."

"हात तोच आहे सर."

"तोच असता तर आवाज तोच आला नसता का? कंटाळलायस तू. रोज तेच तेच करून माणूस कंटाळतो, मला कळतं ते. पण सांगायचं ना! तुझा हात हलका पडला तर तोच हात पेशंटच्या पाठीवरही हलका पडलाय. म्हणजे सगळंच गेलं की रे!"

दादा खाली बघत उभे होते. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "सर, उद्या चाचणी माझ्या छातीवर घेऊ."

"आणि ताडून कशाशी बघणार? तुमचा जानेवारीतला आवाज आहे का आपल्याकडे?"

नव्हता. कामगारांच्या मुद्रणांवरूनही काही कळणार नव्हतं, कारण प्रत्येकाची छाती वेगळी आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा.

सर गेल्यावर मी दादांना म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका."

"नाही घेत," ते म्हणाले. "हातावर आलं तर येऊ दे. हातावर आलेलं बरं."

ह्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, भांडायचं नाही म्हणून म्हणाले.

पुढचे काही दिवस मी त्यांच्या रोजच्या चाचण्या काढून ऐकत बसले. एरवी त्या कुणी ऐकत नसे. त्या संगणकानं मोजायच्या असत. सुरुवातीच्या महिन्यांतल्या श्वासात छान भरीव वारा होता. अलीकडच्या चाचण्यांत तोच वारा लांबून, दाराआडून यावा तसा. बाकी आवाज स्वच्छ होता, कसली खरखर नाही की काही नाही. मी पहिल्या ऐकल्या, शेवटच्या ऐकल्या. मधल्या ऐकल्याच नाहीत.

त्यात पांडबा गेले.

बातमी सुकुमारदादांनीच आणली. पांडबा मुलाकडं आजऱ्याजवळच्या गावी गेले होते, तिथं सर्दीचं निमित्त झालं आणि तीन दिवसांत आटोपलं. दादा माती द्यायला जाऊन आले होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"बायको विचारत होती," ते म्हणाले. "त्या दिवशी नळी लावून बघितलं त्यात काय निघालं म्हणून. मी म्हटलं, अजून निकाल यायचाय."

"त्यांचं मुद्रण चांगलं झालं होतं," मी म्हटलं. "इतकं स्पष्ट दुसरं नाही आपल्याकडे."

"मग ते तरी राहील ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. त्यांनी पुन्हा विचारलं, "राहील ना मॅडम?"

"शुक्रवारी पुण्याशी बोलणं आहे. सर लिहून देणार आहेत की हाताळणीत दोष होता. जानेवारीनंतरचं सगळंच बाद होईल दादा. पांडबांचंही."

"मग आपल्या केंद्राचे राहिले कोण?"

"आधीचे. ऑफिसातले, साच्यासाठी लाकडी पॅटर्न बनवणारे, गेटवरचे वॉचमन."

"म्हणजे कागदावर कोल्हापुरात कुणाला फारसं काही झालेलंच नाही."

"तसंच दिसेल."

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. काहीतरी बोलणार असं वाटलं. पण "चहा घेणार का," एवढंच विचारून ते खाली गेले आणि चहा काही आणला नाही.

शुक्रवारी सकाळी मी आले तर मुद्रणाच्या खोलीत दादा उघड्या अंगानं पेशंटच्या स्टुलावर बसले होते. गोधडीचं दार लावलेलं, पंखा बंद.

"आजची चाचणी तुम्ही घ्या," ते म्हणाले.

"मी? नियमात..."

"असू दे नियम. समोर छातीवर नको, मागं, खाली घ्या. पांडबाचं घेतलं तिथं. आणि नळी द्या मला. दिवा लागेपर्यंत घेतो श्वास."

चाचणीच्या वेळी नळी वापरत नसत. तो नियमच नव्हता. नेहमीसारखा खोल श्वास घ्यायचा, एवढंच लिहिलेलं होतं. मी हेडफोन चढवला आणि त्यांच्या पाठीवर यंत्र टेकवलं. त्यांनी नळी तोंडात धरली आणि श्वास घेतला. खोल, शेवटपर्यंत. दिवा लागला.

श्वासाचा वारा पहिल्या दिवसाइतकाच भरीव होता. आणि तो वारा भरत येऊन आता संपणार, अशा टोकाला, अगदी तळाशी, चरचर. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळावी तशी बारीक. पुढच्या श्वासाला तीच. त्याच्या पुढच्यालाही.

मी यंत्र दुसऱ्या बाजूला नेलं. तिथंही होती.

गेल्या काही महिन्यांत मी हा आवाज इतक्या पाठींवर ऐकला होता की पुन्हा ऐकायची गरज नव्हती. तरी मी ऐकत राहिले. हेडफोन काढला असता तर बोलावं लागलं असतं.

शेवटी तेच म्हणाले, "ऐकू आलं?"

"कधीपासून?"

"दिवाळीच्या सुमाराला पहिल्यांदा वाटलं. रोज सकाळी हेडफोन माझ्याच कानात असतो की. पहिल्यांदा वाटलं, शर्ट घासला. मग शर्ट काढून घेतलं. मग समजलं."

"छातीवर पुढं? चाचणीच्या जागी?"

"पुढं अगदी थोडी. ती पण पूर्ण श्वास घेतला तरच. वरवर घेतला की नाही येत. म्हणून वरवर घ्यायला लागलो." ते शर्ट हातात धरून बसले होते, घालत नव्हते. "यंत्र चांगलं आहे मॅडम. हात पण चांगला आहे. पेशंटांचं सगळं बरोबर घेतलंय मी. एकाचं पण हलकं नाही."

"दादा, तुम्ही डॉक्टरांच्यात राहून... मला सांगायचं होतं. सरांना सांगायचं. नोकरी गेली असती असं वाटलं का?"

"नोकरीचं काय." त्यांनी मान हलवली. "अण्णांना कळलं असतं."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. मी त्यांना एकदा पाहिलं होतं, ताठ कण्याचे, पांढरी टोपी घातलेले.

"कॉलेज सुटलं की मी शेडवर असायचो," दादा सांगू लागले. "डिप्लोमा झाल्यावर तर पूर्ण वेळ. झाडणीवर माणूस कमी पडला की मी उभा राहायचो. मालकाचा पोरगा कामगारांच्यात उभा राहतो ह्याचं अण्णांना फार कौतुक. पुढं माणसं खोकायला लागली. कुणी डॉक्टरचा कागद घेऊन आलं, की अण्णा मला हाक मारायचे. मला समोर उभा करायचे आणि म्हणायचे, हा बघ. हा पण त्याच धुळीत उभा असतो. ह्याला काय झालंय? धूळ वाईट असती तर मी माझ्या पोराला उभा केला असता का?"

बाहेर कुणीतरी दार वाजवलं. आम्ही दोघंही उठलो नाही.

"मनापासून म्हणायचे ते. खोटं नव्हे. आणि कामगार माझ्याकडं बघायचे आणि कागद घडी करून खिशात ठेवायचे. पांडबा पण त्यातलाच." त्यांनी शर्टाची बाही उलटी झाली होती ती सरळ केली. "परवा मातीला गेलो तेव्हा त्याची बायको शेजारणीला सांगत होती. धाकटं मालकबी तिथंच असायचं, त्यांना देवानं नीट ठेवलं, आमचंच नशीब फुटकं."

दुपारी बोलणं सुरू झालं. हुल्याळकर सरांनी टेबलाच्या मधोमध फोन ठेवला होता आणि बाजूला टाइप केलेलं पत्र. पुण्याकडून केतकी आणि तिचे वरिष्ठ होते. सरांनी घसा साफ केला, तेवढ्यात मी म्हटलं, "सर, आधी आज सकाळचं एक मुद्रण ऐकावं. केतकीला पाठवलंय. आणि त्याआधीचं पांडबा चौगुल्यांचंही काढून ठेव म्हणून सांगितलंय."

"कशाला?"

"सांगते."

मी केतकीला सांगितलं की सकाळचं मुद्रण चाचणीतल्याच माणसाचं आहे. फक्त श्वास नळीतून, दिवा लागेपर्यंत घेतलेला आहे. सोबत छातीवरच्या नेहमीच्या जागेचंही तसंच पूर्ण श्वासाचं मुद्रण होतं. पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मग केतकी जवळजवळ ओरडलीच.

"पातळी पहिल्या दिवसाइतकीच आहे! तंतोतंत! मॅडम, म्हणजे यंत्र ठीक आहे. हातही ठीक आहे. माणूसच कमी श्वास घेत होता!"

पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. तिचे वरिष्ठ म्हणाले, "वा, मग काहीच बाद करायला नको. अभिनंदन हुल्याळकर!"

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी ते पत्र उचलून उभं फाडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या सुकुमारदादांच्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे लेका, आधी नाही का सांगायचं! आळशीपणानं श्वास घेत होतास होय? मी उगाच तुला..."

तेवढ्यात केतकीनं मुद्रण मोठ्यानं लावलं. फोनमधून तो वारा खोलीत आला, आणि त्याच्या टोकाची चरचर. सर ऐकत होते. त्यांचा हात अजून दादांच्या पाठीवरच होता.

"चरचर स्पष्ट आहे," केतकी म्हणाली. "दोन्ही बाजूंना. चौगुल्यांच्यासारखीच. पण ही चाचणीची फाइल आहे ना? पेशंटची आली का चुकून?"

सरांनी दादांच्या पाठीवरचा हात उचलला.

"हॅलो? आवाज येतोय का माझा?"

सरांनी फोन बंद केला. मग खिशातून स्वतःचा स्टेथोस्कोप काढला, दादांना खुर्चीवर बसवलं, शर्ट वर केला आणि किती तरी वेळ ऐकत राहिले. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. इतकी वर्षं सरांबरोबर काम केलं, पण त्यांना एक पाठ इतका वेळ ऐकताना मी पुन्हा पाहिलं नाही.

"सोमवारी सीटी स्कॅन करू," ते म्हणाले. आणि मग, शर्ट खाली ओढता ओढता, "हात हलका म्हणालो मी तुला."

"असू दे सर," दादा म्हणाले.

सीटीत निघायचं तेच निघालं. वाळूच्या बारीक धुळीनं दोन्ही फुप्फुसांत गाठी धरल्या होत्या आणि तळाशी वण पडू लागले होते. त्याला औषध नाही. जे आहे ते सांभाळायचं, एवढंच. मी मागे जाऊन दिवाळीपासूनच्या चाचण्या काढल्या. होती. फार अंधूक, पण चरचर होती, ओळीनं, जानेवारी येईपर्यंत. संगणकानं त्या सगळ्या मोजून योग्य म्हणून पुढे पाठवल्या होत्या. ऐकल्या कुणीच नव्हत्या.

आमची मुद्रणं राहिली. पांडबांचं तर पुढे पाचही केंद्रांत शिकवताना वापरलं गेलं. चरचर कशाला म्हणायचं ते दाखवायला. अर्थात नावाशिवाय. नियमही बदलला. रोजची चाचणी माणसावर घ्यायची नाही, ठरलेला आवाज काढणारी पेटी वापरायची, असं ठरलं. पुण्याच्या बैठकीत हा बदल मांडला तेव्हा कारण म्हणून ‘मानवी श्वासातील अनियमितता’ असं लिहिलं गेलं. मी त्यावर हरकत घेतली नाही. दादांनी तसं सांगितलं होतं.

सुकुमारदादा त्यानंतर आठ वर्षं जगले. त्यांतली सहा आमच्याकडेच काम करून.

पण मला सांगायचं आहे ते त्या सीटीच्या आठवड्यातलं. अहवाल हातात आला त्या दिवशी दादा म्हणाले, "घरी चला माझ्याबरोबर. मी एकट्यानं सांगितलं तर म्हणतील, तुला कुणीतरी शिकवलंय."

शाहूपुरीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. चार वाजले होते. अण्णा जैनांच्या रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवण उरकत, त्यामुळे आत स्वयंपाकघरात दादांच्या बायकोची, पद्मजावहिनींची, गडबड चालली होती. वहिनींना सकाळीच सांगितलेलं होतं. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला पाणी देऊन त्या आतच थांबल्या.

अण्णांनी मला "बसा बाई" म्हटलं. मी अहवाल काढला आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"दवाखान्यात जाऊन जाऊन लागलंय त्याला," ते म्हणाले. "तिथं नाही नाही ते रोगी येतात."

"हे लागत नाही अण्णा. हे धुळीचं आहे. पंधरावीस वर्षांपूर्वीचं."

"धुळीचं असतं तर सगळ्यांना झालं असतं."

"सगळ्यांना झालंय, अण्णा," दादा म्हणाले.

अण्णांनी मुलाकडे बघितलं. मला वाटलं, आता हे चिडतील. त्यांनी टोपी काढून शेजारी ठेवली. "इकडं ये," ते म्हणाले. "सदरा काढ. पाठ कर इकडं."

दादांनी शर्ट काढला आणि ते वडिलांच्या पुढ्यात, जमिनीवर, पाठमोरे बसले. अण्णा पुढे वाकले आणि त्यांनी आपला उजवा कान मुलाच्या पाठीला लावला. लहान पोराला ताप आला की बाप लावतो तसा. मी पर्समधला स्टेथोस्कोप काढायला गेले, पण त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"घे श्वास."

दादांनी घेतला.

"अजून घे. पुरा घे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. अण्णा कान लावून तसेच वाकून राहिले. त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्या दिशेला होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"दुपारी जेवणाच्या सुट्टीत भट्टीचा पंखा बंद व्हायचा," ते हळूच म्हणाले. कान अजून पाठीलाच होता. "माणसं जेवून तिथंच आडवी व्हायची. मी मधनं जायचो. तेव्हा हा आवाज यायचा. सगळ्या शेडमधनं यायचा. मला वाटायचं, दमलेत."

दादांचे खांदे हलले. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काही वेळ तो तसाच ठेवला. मग अण्णांना सरळ होता येईना. मी आणि वहिनींनी धरून त्यांना खुर्चीत नीट बसवलं.

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले.

"बाकीच्यांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

"आम्ही सांगू. रुग्णालयाकडून माणूस जाईल."

"नको. शेड माझी होती."

आणि खरंच ते गावोगाव गेले. त्या एप्रिल-मेच्या उन्हात सुकुमारदादांना बरोबर घेऊन, एस.टी.नं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, ते कागलकडे गेले, भुदरगडला गेले, गडहिंग्लजच्या पलीकडे गेले. जे जिवंत होते त्यांना म्हणाले, मी चुकीचं सांगत होतो, दवाखान्यात जा, आणि तुम्ही माझ्याकडे कामाला होता असं जिथं म्हणाल तिथं येऊन मी सांगतो. बरेच जण आले. काहींनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं.

आजऱ्याला ते सगळ्यात शेवटी गेले. पांडबांची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. मालक आलेत म्हणून ती उठून उभी राहिली. अण्णांनी टोपी काढली आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मालक," ती म्हणाली, "ह्ये मानूस असताना सांगाया पायजे हुतं."

आणि सूप उचलून आत गेली.

हे मला दादांनी सांगितलं नाही. अण्णांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "खरं बोलली ती." मग त्या दिवशी तपासणीला आणलेल्या एका जुन्या कामगाराला हाताला धरून ते जिना चढू लागले.